विदर्भाच्या उन्हात लाकूड वाळवताना त्याची ताकद कशी टिकवायची

मे महिन्यात आरामशीनवरून चिरून आणलेली ओली फळी अंगणात भिंतीला टेकवून ठेवली, की दोन-तीन दिवसांत तिच्या अंगावर बारीक चिरा पडतात आणि टोकं फाटायला लागतात. पावसाळ्यात त्याच चिरा मिटतात, फळी पुन्हा चांगली दिसते आणि कुणीतरी तिचं दार करायला घेतं. चीर मिटली तरी धागे जुळत नाहीत. तिथली पकड कायमची गेलेली असते. आपल्याकडे लाकूड वाळत नाही अशी अडचण सहसा येत नाही. ते फार लवकर आणि वरून-वरून वाळतं, ही खरी अडचण आहे. घरचं बाभळीचं खोड असो की वनखात्याच्या डेपोतून घेतलेला गडचिरोलीतल्या आलापल्लीचा साग, त्याची अर्धी किंमत वाळवण्यात राखली जाते किंवा घालवली जाते.

पाणी आणि ताकद

ताज्या लाकडात पाणी दोन जागी असतं: पेशींच्या पोकळीत मोकळं, आणि पेशींच्या भिंतींत मुरलेलं. वाळताना आधी मोकळं पाणी जातं. तेव्हा वजन उतरतं, पण लाकूड आकसत नाही आणि त्याची ताकदही बदलत नाही. भिंतीतलं पाणी सुटायला लागतं ती हद्द बहुतेक लाकडांत 25 ते 30 टक्के ओलाव्याच्या आसपास येते. आकसणं, पिळणं, चिरणं आणि ताकद वाढणं हे सगळं या हद्दीच्या खाली घडतं.

तिथून पुढे ओलावा 1 टक्क्याने कमी झाला, की उभा दाब सोसण्याची ताकद साधारण 6 टक्क्यांनी वाढते, वाकून मोडण्याविरुद्धची साधारण 4 टक्क्यांनी आणि ताठपणा 2 टक्क्यांनी. 20 टक्क्यांवरचं लाकूड 12 टक्क्यांवर आणलं, तर खांबाची ताकद निम्म्याने किंवा त्याहून थोडी जास्त वाढते, तुळईची तिसऱ्या हिश्शाने. चिवटपणा मात्र या हिशेबात धरू नका. धक्का, हिसका, घाव सोसण्याची ताकद वाळल्याने फारशी वाढत नाही, आणि लाकूड फार कोरडं झालं तर घटतेच. म्हणून घराचा खांब आणि कुऱ्हाडीचा दांडा एकाच पद्धतीने वाळवायचे नसतात.

हे सगळे आकडे गाठ नसलेल्या, चीर नसलेल्या लाकडाचे आहेत. वाळताना मधोमध लांब चीर पडली तर तुळईला आडवी सरक, म्हणजे भाराखाली थर एकमेकांवर घसरणं, सोसत नाही, आणि टोकाच्या चिरेत बोल्ट आला तर तो तिथूनच फाडत सुटतो. वाळण्याने मिळालेली ताकद अशा वेळी काही कामाची राहत नाही.

ओलावा मोजा, अंदाज करू नका

ठोकून आवाज ऐकणं, हातात तोलून पाहणं, वास घेणं यातून ओलं आणि कोरडं एवढंच कळतं. 22 टक्के आणि 12 टक्के यांतला फरक कळत नाही. पिन टोचायचं मॉइश्चर मीटर चांगलं काम देतं, पण साधारण 6 ते 25 टक्क्यांच्या दरम्यानच. त्यापुढचा आकडा धरून चालू नका. शिवाय पिन वरच्या थरातला ओलावा सांगते. जाड लाकडाचा एक तुकडा आडवा कापून मधल्या भागात पिन टोचली तरच आतली खबर लागते.

मीटर नसेल तर वजनकाटा पुरे. फळीच्या टोकापासून निदान 30 सेंटिमीटर आतून अडीच सेंटिमीटर रुंदीची आडवी चकती कापा. टोकाजवळची चकती नेहमी खोटं सांगते, कारण तिथं लाकूड आधीच वाळलेलं असतं. चकतीचं लगेच वजन करा, काटा एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. मग 100 ते 105 अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत काही तासांनी पुन्हा-पुन्हा तोला. ओलं वजन उणे कोरडं वजन, भागिले कोरडं वजन, गुणिले 100. चकती ओली 140 ग्रॅम आणि कोरडी 100 ग्रॅम भरली, तर ओलावा 40 टक्के.

आता हीच चकती जिच्यातून कापली ती फळी तोला. समजा ती 4.2 किलो आहे. 40 टक्के ओलावा म्हणजे तिचं कोरडं वजन 3 किलो. 12 टक्क्यांवर ती 3.36 किलो भरायला हवी. हा आकडा तिच्यावर खडूने लिहा, कापलेल्या टोकाला रंग लावा आणि तिला थप्पीत अशी ठेवा की सहज ओढून काढता येईल. पंधरा दिवसांनी एकदा तोलत राहा. सगळ्या थप्पीची हालत ती एक फळी सांगते.

तोडायचं आणि चिरायचं कधी

मेच्या दुपारी तापमान 44-45 अंश आणि हवेतली आर्द्रता 20 टक्क्यांच्या खाली असते. अशा हवेत लाकूड 4-5 टक्के ओलाव्यापर्यंत उतरू पाहतं. ऑगस्टच्या झडीत आर्द्रता 85 टक्क्यांवर गेली, की तेच लाकूड 17-18 टक्क्यांकडे चढतं. हिवाळा या दोहोंच्या मध्ये, 9-10 टक्क्यांच्या आसपास, शिवाय हवा थंड. ओल्या लाकडाला सुरुवातीला हीच हवा मानवते.

म्हणून दिवाळीनंतर तोडा आणि खोड पडल्यावर लवकरात लवकर चिरून घ्या. मोकळं पाणी हिवाळ्यात हळूहळू निघून जातं, होळीपर्यंत इंची फळी बहुधा 25-30 टक्क्यांची हद्द ओलांडून खाली येते, आणि मग एप्रिल-मेचं ऊन राहिलेलं काम करतं. मृग लागायच्या आत लाकूड शेडमध्ये. 25 मिलिमीटर जाडीच्या सागाला एवढा हंगाम साधारण पुरतो. जाडी दुप्पट झाली की वेळ दुपटीहून बराच जास्त लागतो. 10 सेंटिमीटरची तुळई एका उन्हाळ्यात आतून वाळत नाही, बाहेरून कितीही खडखडीत दिसो.

साग स्वतःच्या धुऱ्यावरचा असला तरी तोडण्याची परवानगी आणि वाहतुकीचा पास आधी काढून ठेवा. कागदांची वाट पाहत खोड उन्हात पडून राहिलं तर टोकांपासून फाटत जातं.

टोकं त्याच दिवशी बंद करा

धाग्यांच्या दिशेने पाणी आडव्यापेक्षा 10 ते 15 पट वेगाने बाहेर पडतं. म्हणून टोकं आधी वाळतात, आकसतात आणि मागचं ओलं लाकूड त्यांना आकसू देत नाही. मग ती फाटतात. गरम डांबर, मेण किंवा जाडसर ऑइल पेंटचे दोन हात, यातलं काहीही चालेल, पण चिरल्याच्या दिवशीच. आठवडाभराने लावलेला रंग आधी पडलेल्या चिरेला थांबवत नाही. शेणमातीचा लेप लावायची जुनी रीत खोडासाठी ठीक आहे, पण लेप सुकून तडकतो. तो दर चार-आठ दिवसांनी पुन्हा लावला तरच उपयोग.

थप्पी

जमीन साफ करून विटांचे किंवा दगडांचे 45 सेंटिमीटर उंच खांब घ्या, एकमेकांपासून 60 सेंटिमीटरवर. खालचा पालापाचोळा आणि लाकडाचे तुकडे उचलून टाका, उधई (वाळवी) तिथूनच वर चढते. खांबांवर आडव्या सरळ दांड्या आणि त्यांवर फळ्या. दोन फळ्यांत 2-3 सेंटिमीटर फट, आणि दोन थरांमध्ये 25 मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या. या पट्ट्या सगळ्या एकाच जाडीच्या, कोरड्या आणि कसदार लाकडाच्या हव्यात. ओल्या पट्टीखाली फळीवर काळा डाग उमटतो.

सगळ्यात जास्त चुका इथं होतात. वरच्या थराची पट्टी खालच्या थराच्या पट्टीच्या बरोबर डोक्यावर आली पाहिजे आणि सगळ्यांत खाली खांब आला पाहिजे. पट्टी बोटभर इकडे-तिकडे सरकली, की वरचं सगळं वजन फळीच्या मोकळ्या भागावर पडतं. फळी ओली असताना वाकते आणि वाकलेल्या आकारातच वाळते. तो बाक नंतर रंधा मारून काढायचा म्हणजे जाडी अर्धी गमवायची. टोकाची पट्टी फळीच्या अगदी टोकाशी लावा. टोक अधांतरी राहिलं तर पिळतं. इंची सागाला पट्ट्या 60 सेंटिमीटरवर चालतात. ऐन, धावडा, बाभूळ किंवा कुठलीही पातळ फळी असेल तर 30 ते 45 सेंटिमीटरवर लावा.

थप्पीची रुंदी दीड मीटरच्या आत ठेवा, नाहीतर मधल्या फळ्यांपर्यंत वारा पोचत नाही. सगळ्यात वर जड दगड ठेवा. त्यावर टिनपत्रा, थप्पीपासून वीतभर उंच आणि चारही बाजूंनी फूटभर पुढे आलेला. फळ्यांची लांबी उत्तर-दक्षिण ठेवली तर पश्चिमेचं ऊन आणि उन्हाळ्यातला गरम वारा टोकांवर थेट येत नाही. फेब्रुवारीच्या शेवटी पश्चिमेकडून तुराट्यांची किंवा पऱ्हाट्यांची ताटी उभी करा. ऐन आणि धावडा वाळायला फार जिद्दी लाकडं, त्यांना चारही बाजूंनी ताटी लावली तरी चालेल. पहिले दोन महिने वारा कमी झाला म्हणून नुकसान होत नाही. उलट नरम, पांढऱ्या लाकडांची गत. काटेसावर किंवा आंबा झाकून ठेवला तर निळी-काळी बुरशी धरतो. त्याला चिरल्या दिवसापासून भरपूर वारा द्या.

वरून कडक, आतून ओलं

घाईने वाळवलेल्या लाकडात काय होतं ते नीट समजून घ्या, कारण हे नुकसान बाहेरून दिसत नाही. वरचा थर आधी हद्दीखाली येतो आणि आकसू पाहतो, आतला ओला गाभा त्याला अडवतो. ताण जास्त झाला तर वर चिरा पडतात. ताण थोडा कमी पडला तर वरचा थर ताणलेल्या अवस्थेतच घट्ट होतो. पुढे गाभा वाळायला लागतो, त्यालाही आकसायचं असतं, आणि आता वरचा घट्ट थर त्याला अडवतो. मग गाभा आतल्या आत फाटतो. फळी बाहेरून निर्दोष, कापली की आत पोकळ चिरा. जाड ऐनात आणि बाभळीत यावर नीट लक्ष ठेवा.

परीक्षा सोपी आहे. फळीच्या मधून अडीच सेंटिमीटरची आडवी चकती कापा. करवतीने तिचा मधला भाग काढून टाका, म्हणजे दोन दात्यांच्या फाट्यासारखा आकार उरेल. दाते लगेच आत वळले, एकमेकांकडे झुकले, तर लाकडात ताण अडकलेला आहे. अशी फळी उभी चिरली की दोन्ही अर्धे धनुष्यासारखे वाकतात आणि करवत अडकते. दाते सरळ राहिले तर लाकूड कामाला घ्यायला हरकत नाही.

भट्टीत हा ताण शेवटी वाफ देऊन काढतात. गावात ते काम पावसाळी हवा बऱ्यापैकी करते. थप्पी छपराखाली, पाण्यापासून दूर, पण वारा खेळता ठेवून श्रावण-भादव्यात तशीच राहू द्या. वरचा थर थोडा ओलावा घेतो, सैल पडतो. दसऱ्यानंतर ते लाकूड पुन्हा उतरतं आणि तेव्हा त्याचं दार-खिडकी केलेलं चांगलं.

मिटलेली चीर शोधायची असेल तर रंधा मारलेल्या भागावर रॉकेल किंवा पातळ रंगाचं पाणी फिरवून लगेच पुसा. चीर असेल तिथं काळी रेघ राहते.

तलाव, भट्टी, सोलर आणि चूल

बाभळीचं खोड तलावात बुडवून ठेवायची रीत भंडारा-गोंदियाकडे मालगुजारी तलावांमुळे सोपी आहे. बाकीकडे नाला किंवा शेततळं चालतं. यातून लाकूड वाळत नाही. सालीलगतच्या पांढऱ्या भागातली साखर आणि पिठूळ अंश पाण्यात उतरतो आणि घुणाला खायला काही उरत नाही. चार-सहा आठवडे पुरतात. खोड दगड ठेवून पूर्ण बुडवा. अर्धं वर राहिलं तर पाण्याच्या रेषेवर डाग आणि कूज धरते. एवढ्याने ताकदीला धक्का लागत नाही, पण साचलेल्या पाण्यात महिनोन् महिने ठेवू नका. काढल्यावर थेट उन्हात टाकायचं नाही, सावलीत थप्पी.

वाफेच्या भट्टीत हवा आणि ओलावा दोन्ही हातात असतात, हा तिचा मोठा फायदा. सुरुवातीला 40-45 अंश आणि दमट हवा, शेवटी 60-70 अंश आणि कोरडी, अशा चढत्या क्रमाने नीट वाळवलेला साग सावलीत वाळवलेल्या सागाइतकाच मजबूत असतो. भट्टीचं लाकूड ठिसूळ, ही समजूत घाईच्या भट्टीने पसरवली. तापमान 100 अंशांच्या पुढे गेलं आणि तिथं तासन् तास राहिलं, की पेशींच्या भिंतींतला धागे जोडणारा अंशच विघटित होतो. ते नुकसान पुन्हा ओलं करून भरून येत नाही. त्यात ताठपणा जवळपास तसाच राहतो, म्हणून हाताने वाकवून कळत नाही. जातो तो आधी चिवटपणा. भट्टीचं लाकूड घेताना किती टक्क्यांवर वाळवलं आणि शेवटी वाफ दिली का, हे दोन प्रश्न विचारा. आयएस 1141 हे लाकूड वाळवण्याचं भारतीय मानक आहे आणि आयएस 287 कामाप्रमाणे किती ओलावा चालतो ते सांगतं. मोठी खरेदी असेल तर बोलीत यांचा उल्लेख करा.

सोलर भट्टी म्हणजे प्लास्टिकचा पारदर्शक कागद, आत काळा रंगवलेला पत्रा, एक पंखा आणि झडपा. आतली हवा बाहेरच्यापेक्षा 10-20 अंश जास्त तापते. रात्री ती थंड होते, आर्द्रता वाढते, वरचा थर सैल पडतो. ही रोजची विश्रांती लाकडाला फार मानवते. पण ती आपल्याकडे हिवाळ्यात वापरा. मेमध्ये ओला ऐन तिच्यात भरून झडपा उघड्या ठेवल्या तर एका आठवड्यात माल वाया जातो. पहिले काही दिवस झडपा जवळपास बंद, मीटर 25 टक्क्यांखाली आल्यावर हळूहळू उघडत न्यायच्या.

चुलीवरच्या आढ्याला किंवा धुराड्याशी टांगून वाळवलेले दांडे हा वेगळा प्रकार. धुराने घुण लागत नाही, ते खरं. आच लागून करपलेला भाग मात्र चिवट राहत नाही. असा दांडा काकडी मोडावी तसा आखूड, सपाट तुटतो. चांगला दांडा मोडलाच तर लांब-लांब फळकुटं निघत मोडतो, आणि त्याआधी हातात कुरकुरून सांगतो.

दांडा

धामण, धावडा, तिवस, बाभूळ. करवतीपेक्षा पाचर मारून फोडलेला तुकडा घ्या, म्हणजे धागा टोकापासून टोकापर्यंत सरळ येतो. 10 सेंटिमीटरला 1 सेंटिमीटर इतका धागा तिरपा गेला तरी वाकून मोडण्याविरुद्धची ताकद सुमारे पाचव्या हिश्शाने घटते, आणि धक्का सोसण्याची तिसऱ्या हिश्शाहून जास्त. खोडाचा पीळ सालीवरून नाही दिसत. साल काढलेल्या ओंडक्यावर वाळताना पडलेली चीर पाहा. ती सरळ उतरत असेल तर धागा सरळ, फिरत गेली असेल तर ते खोड दांड्याला घेऊ नका.

तुकडा ठरल्या मापापेक्षा 5-6 मिलिमीटर जाड ठेवून ओसरीच्या आढ्याखाली आडवा वाळवा. 10-12 टक्क्यांवर थांबा. लोखंडात बसवायचं टोक तेवढं बसवण्याआधी दोन-चार दिवस कोमट राखेत ठेवून आणखी कोरडं करा, निखाऱ्यात नाही. मग ते बसवल्यावर फुगून घट्ट धरतं.

सैल झालेली कुऱ्हाड पाण्यात बुडवून ठेवायची सवय मोडा. लाकूड फुगतं, पण लोखंडी भोक त्याला फुगू देत नाही, म्हणून पेशी चेपल्या जातात. वाळल्यावर ते टोक आधीपेक्षाही बारीक होतं आणि पुढच्या वेळी आणखी सैल. पाचर नवी मारा आणि टोकाला कच्चं जवसाचं तेल पाजा. तेलाने ओलावा आत-बाहेर होण्याचा वेग मंदावतो.

दार, तुळई आणि बाज

साग आडवा, म्हणजे वर्तुळाच्या दिशेने, त्रिज्येच्या दिशेपेक्षा दुपटीहून जास्त आकसतो: ओल्यापासून पूर्ण कोरड्यापर्यंत सुमारे 5.8 टक्के विरुद्ध 2.5 टक्के. उन्हाळ्यात 7 आणि पावसाळ्यात 15 टक्के ओलावा धरला, तर 30 सेंटिमीटर रुंद सपाट चिरलेली फळी 5 मिलिमीटर हलते, त्रिज्येने चिरलेली 2 मिलिमीटर. पॅनल बसवताना खाचेत तेवढी जागा सोडा आणि तिथं डिंक लावू नका. मेमध्ये ठासून बसवलेलं पॅनल ऑगस्टमध्ये चौकट उघडतं.

ओली तुळई चढवावी लागली, तर ती भाराखाली वाळताना वाकत जाते. कोरड्या तुळईचा सुरुवातीचा बाक वर्षांनुवर्षांत दीड-दोन पट होतो, ओलीचा दोन-तीन पट. तिला मधे टेकू द्या आणि बोल्ट सहा महिन्यांनी पुन्हा आवळा. ओल्या लाकडात मारलेला खिळा लाकूड वाळल्यावर पकडीचा तीन-चतुर्थांशापर्यंत भाग सोडू शकतो. कोरड्या बाभळीत उलटी अडचण, ती खिळ्याने फुटते. खिळ्याच्या जाडीच्या पाऊण पट भोक आधी पाडा.

बाजेच्या सांध्यात हा फरक कामाला लावता येतो. आडव्या पाट्यांची कुसं, म्हणजे पायाच्या भोकात बसणारी टोकं, 6 टक्क्यांपर्यंत कोरडी, पाय 14-15 टक्क्यांवर. जोडल्यावर कूस ओलावा घेऊन फुगतं, पाय आकसून त्याला आवळतो, आणि सांधा वर्षानुवर्षं कुरकुरत नाही. पाय मात्र याहून ओला घेऊ नका. 25 टक्क्यांवरचा पाय कुसाभोवती आकसताना भोकापासून उभा फुटतो.